बेरीची बेरीज: 79 पॉइंट, दुसरा नंबर आणि थकलेले पगार

30 एप्रिल 2019, मंगळवारची रात्र. लिव्हरपूलच्या समोर, नदीपलीकडे बर्कनहेड म्हणून गाव आहे, तिथल्या प्रेंटन पार्कवर ट्रॅनमिअर विरुद्ध बेरी ही फुटबॉलची मॅच 1-1 बरोबरीत सुटली आणि बेरी एक पायरी वर, म्हणजे चौथ्या पायरीवरच्या लीग टूमधून तिसऱ्या पायरीवरच्या लीग वनमध्ये गेली. 27 ऑगस्ट 2019, हाही मंगळवारच, रात्री उशिरा इंग्लिश फुटबॉल लीगने याच बेरीला लीगमधून काढून टाकलं. मधे मोजून सतरा आठवडे. आणि गंमत बघा, या सतरा आठवड्यांत बेरी लीगची एकही मॅच हरलेली नाही, एकच खेळली, पोर्ट व्हेलशी, तीही 1-1. म्हणजे क्लब संपला तेव्हा फॉर्म चांगलाच होता.

खालच्या डिव्हिजनमधली कुठलीही टीम सलग पाच-सहा मॅच जिंकायला लागली आणि तिचे फॅन "यंदा वर जातोय आपण" म्हणायला लागले की मला हे प्रकरण आठवतं, आणि मी ते बोलून दाखवलं की लोक म्हणतात काय अपशकुनी माणूस आहे. पण मला काय म्हणायचंय ते जरा वेगळं आहे. बेरीचे फॅन खुळे नव्हते, त्यांचा अंदाज चुकलाच नाही, ते म्हणत होते वर जाणार आणि टीम वर गेलीच की. चुकलं ते दुसरीकडे, आणि ते चुकलेलं दिसलं नाही त्यात मोठा वाटा जिंकण्याचाच होता. ते कसं, तेच जरा नीट उलगडून लिहितोय.

आधी नावाचं बघू. स्पेलिंग बघून कोणी ब्युरी म्हणतं, कोणी बरी म्हणतं, तिथले लोक बेरी म्हणतात. मँचेस्टरच्या उत्तरेला, ट्राममध्ये बसलं की अर्ध्या तासात येणारं गाव, जुन्या काळी सूतगिरण्यांचं, आता बाजारासाठी आणि डुकराच्या रक्तापासून करतात त्या ब्लॅक पुडिंगसाठी प्रसिद्ध. त्याच स्पेलिंगचा इंग्रजीत अर्थ पुरणं असा होतो, त्यामुळे 2019 मध्ये पेपरवाल्यांना हेडलाइन आयतीच मिळाली, ते असो.

क्लब 1885 चा. मैदान गिग लेन, तेही तेव्हापासूनचंच. 1894 ला फुटबॉल लीगमध्ये आले ते 2019 पर्यंत म्हणजे 125 वर्षं तिथेच, कधी वर कधी खाली, पण बाहेर कधीच नाही. एफए कप, म्हणजे तिथली मोठी नॉकआउट स्पर्धा, दोनदा जिंकलाय, 1900 ला साउथहॅम्प्टनला 4-0 आणि 1903 ला डर्बी काउंटीला 6-0. हा 6-0 फायनलमधल्या सगळ्यात मोठ्या विजयाचा रेकॉर्ड 116 वर्षं एकट्या बेरीच्या नावावर होता, मग 18 मे 2019 ला मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला 6-0 मारून बरोबरी केली. तारीख बघा, त्याच सतरा आठवड्यांच्या आत. अर्ध्या तासावरचा शेजारी कप घेऊन मिरवत होता आणि इकडे पगाराचे वांधे.

आपल्याकडे हे सगळ्यात पटकन कळेल ते कोल्हापूरकराला. पेठेत जन्मलास की तालमीची टीम ठरलेली, शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसायचं हेही ठरलेलं, त्यात निवडायला काही नसतंच. बेरीचं तसंच. मँचेस्टर युनायटेड आणि सिटी दोन्ही हाकेच्या अंतरावर असताना जो माणूस गिग लेनला जातो तो जिंकायला जात नाही, त्याचा बाप जायचा म्हणून जातो. गॅरी आणि फिल नेव्हिलची आई कित्येक वर्षं या क्लबची सेक्रेटरी होती, म्हणजे पोरं युनायटेडला आणि घर बेरीचं. अशा लोकांना दहा वर्षांतून एकदा टीम भारी खेळताना दिसली की काय होत असेल ते सांगायला नको.

आणि 2018-19 ला टीम खरंच भारी होती. त्याच्या आदल्या सीझनला लीग वनमध्ये तळाला, चोविसावा नंबर, सीझनमध्ये मॅनेजर बदलत राहिले, शेवटी क्लबचा जुना स्ट्रायकर रायन लो याला गाडी चालवायला दिली. तो तेव्हा नवशिका मॅनेजर, पण 2010-11 ला बेरी वर चढली होती तेव्हा गोलांचा रतीब यानेच घातलेला, त्यामुळे लोकांचा लाडका. टीम तरीही खाली गेलीच, लीग टूमध्ये. खाली गेल्यावर लोने जे केलं ते मला फार आवडतं, कारण त्या डिव्हिजनमध्ये बहुतेक टीम उंच बॉल मारा, दुसरा बॉल उचला, कॉर्नर मिळवा असल्या खेळावर जगतात, आणि याने मागे तीन डिफेंडर ठेवून दोन्ही बाजूंचे विंगबॅक पार पुढे ढकलले आणि पोरांना सांगितलं की बॉल पायात ठेवा. डॅनी मेयर म्हणून मिडफिल्डर होता, बॉल घेऊन डावीकडून आत शिरायचा आणि दोघं-तिघं अंगावर घेऊन पुढे जायचा, चौथ्या डिव्हिजनमध्ये असा माणूस बघायला मिळणं म्हणजे जिल्हा स्पर्धेत कोणीतरी भलताच उतरल्यासारखं. पुढे निकी मेनार्ड, वीसच्या वर गोल. मागून जे ओशे येऊन गोल टाकायचा.

सीझनचा हिशोब असा: 46 मॅच, 22 जिंकल्या, 13 बरोबरी, 11 हरल्या, 79 पॉइंट. लिंकन 85 पॉइंटवर पहिले, एमके डॉन्सचेही 79 च पण गोलफरकात बेरी पुढे म्हणून दुसरा नंबर. लीग टूमधून पहिले तिघं थेट वर जातात, चौथ्यापासून सातव्यापर्यंत प्लेऑफ खेळतात. म्हणजे नशिबाने वगैरे नाही, सरळ मार्गाने वर. शिवाय खालच्या टीमांसाठी जी वेगळी कप स्पर्धा असते तिच्या सेमीफायनलपर्यंतही गेले, तिथे पोर्ट्समथने 3-0 मारलं.

आता दुसरी वही उघडतो.

क्लबचा मालक 2013 पासून स्टुअर्ट डे, विद्यार्थ्यांसाठी घरं बांधायचा त्याचा धंदा. धंदा जोरात असेपर्यंत क्लबला पैसा येत राहिला आणि क्लबने आपल्या ऐपतीबाहेरचे खेळाडू घेतले. गिग लेनवर कर्ज काढलेलं होतं. स्टेडियमच्या पार्किंगमधल्या जागासुद्धा गुंतवणूक म्हणून लोकांना विकल्या गेल्या होत्या, हे वाचलं तेव्हा मला आधी वाटलं मी चुकीचं वाचतोय, मॅच बघायला आलेल्या माणसाची गाडी जिथे लागते ती चार पट्ट्यांची जागा कुणाची तरी गुंतवणूक, परतावा मिळणार म्हणून घेतलेली. मग धंदा बसला. डिसेंबर 2018 मध्ये डेने क्लब स्टीव्ह डेल याला विकला, किंमत एक पाउंड. डेल याने नंतर रेडिओवर सांगितलं की बेरी नावाची फुटबॉल टीम आहे हेच त्याला आधी माहीत नव्हतं.

एक पाउंड. ही किंमत वाचून कोणाच्याही पोटात गोळा यायला हवा, कारण एवढं मोठं मैदान, 133 वर्षं जुना क्लब, चालू कॉन्ट्रॅक्टचे खेळाडू हे सगळं एका पाउंडात मिळतंय म्हणजे त्याच्यासोबत देणी किती असतील. आपल्याकडे कोणी फ्लॅट एका रुपयाला देतोय म्हटलं तर आपण आधी सोसायटीची थकबाकी आणि बँकेचा बोजा बघू, सातबारा-इंडेक्स काय ते बघू, मग पेढे. पण डिसेंबरमध्ये बेरी वरच्या टीमांमध्ये खेळत होती. शनिवारी मॅच, मंगळवारी मॅच, नाताळच्या आसपास तर चार-चार दिवसांनी मॅच. मालक बदलला ही बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली, आणि पुढची मॅच आली. टीम तळाला असती तर याच बातमीवर गेटबाहेर लोक जमले असते, "नवा मालक कोण, पैसा कुठून आणणार, कागद दाखवा" म्हणून, असं मला वाटतं. जिंकणाऱ्या टीमच्या गेटबाहेर कोण घोषणा देणार.

लीगनेही कागद पाहिले नाहीत, म्हणजे मागितले पण मिळायच्या आधीच व्यवहार होऊन गेला. तेव्हाचा नियमच असा होता की मालकी आधी बदला, पैसा कुठून येणार याचा पुरावा त्यानंतर काही दिवसांत द्या, आणि नाही दिला तर काय याचं नीट उत्तर नियमात नाही. घर आधी ताब्यात घ्या, चेक नंतर बघू असली पद्धत. डेल याच्याकडून लीगचं समाधान होईल असा पुरावा शेवटपर्यंत आला नाही. नंतर हा नियम बदलला, पण बेरीला त्याचा उपयोग शून्य.

आता खरी मेख, आणि ती फॉर्मशी कशी जोडलेली आहे ते बघा. लीग वन आणि टूमध्ये तेव्हा पगारांवर एक मर्यादा असायची, सॅलरी कॉस्ट मॅनेजमेंट प्रोटोकॉल असं लांबलचक नाव. उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच खेळाडूंवर खर्च करायचा. ऐकायला छान. पण मालकाने भागभांडवल किंवा देणगी म्हणून टाकलेला पैसाही त्यात उत्पन्न धरला जायचा. म्हणजे तिकिटं, शर्ट, चहा-नाश्ता यातून आलेले पैसे कमी असले तरी मालकाने वरून ओतले की मर्यादा आपोआप वाढायची. तोवर ठीक. मालक आटला की काय? खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं, तीन वर्षांचं, ते तर आटत नाही. लीगने जोनाथन टेलर नावाच्या वकिलाकडून जी स्वतंत्र चौकशी करून घेतली तिचा रोखही याच दिशेला होता, की क्लब मालकाच्या पैशाच्या भरवशावर पगार वाढवत गेला आणि तो भरवसा गेल्यावर खाली काहीच उरलं नाही.

तर मेयरची ती धाव, मेनार्डचे ते गोल, टेबलमधला तो दुसरा नंबर, हे सगळं ज्या पगारांवर उभं होतं ते पगार क्लबला परवडत नव्हते. जिंकत होते ते खरं, पण उधारीवर. उधारीवरची मिसळ चवीला तेवढीच तिखट लागते, हेच तर वांधं आहे. स्टँडमध्ये बसून बघणाऱ्याला बॉल दिसतो, त्याच्या मागचं चलन दिसत नाही.

बरं लोकांना काहीच माहीत नव्हतं असंही नाही. हायकोर्टात क्लब गुंडाळण्याचा अर्ज पडलेला, तारखांवर तारखा पडत होत्या. एप्रिलपर्यंत पगार थकायला लागले होते. एप्रिलमध्येच डेलने क्लब विकायला काढला, आपल्याला सांगितलं होतं त्यापेक्षा देणी फार जास्त निघाली असं त्याचं म्हणणं. हे सगळं पेपरात येत होतं आणि लोक वाचत होते. पण आशावादी माणूस बातमी नाकारत नाही, तो तिला आपल्या बाजूने वळवून घेतो. पगार थकले? अरे तरी पोरं जीव तोडून खेळतायत, यालाच म्हणतात टीम. क्लब विक्रीला काढला? उत्तमच, लीग वनमध्ये गेलो की गिऱ्हाईक पटकन मिळेल. कोर्टात तारीख पुढे गेली? म्हणजे काहीतरी मार्ग निघतोय. प्रत्येक वाईट बातमीला टेबलातून उत्तर मिळत होतं, आणि टेबल दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नवीन येत होतं, ताजं ताजं, तर क्लबचा ताळेबंद वर्षातून एकदा, तोही उशिरा, आणि वाचायला कंटाळवाणा. मी स्वतः कित्येक वर्षं क्लब फुटबॉल बघतोय, माझ्या आवडीच्या क्लबचा ताळेबंद मी आजवर एकदाच उघडलाय आणि तिसऱ्या पानावर बंद केलाय, त्यामुळे मी कोणाला हसणार.

त्यातला "लीग वनमध्ये गेलो की सुटलो" हा हिशोब तर मला सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातकी वाटतो. एक तर वर गेलं की खेळाडूंचे पगार वाढतात, बहुतेक कॉन्ट्रॅक्टमध्ये प्रमोशनची वाढ आधीच लिहिलेली असते, बोनस वेगळा. वरच्या लीगचा वाटा थोडा जास्त मिळतो पण तो एवढा नसतो की साठलेली देणी फिटतील, खरा पैसा त्याच्याही वरच्या पायरीपासून, म्हणजे चॅम्पियनशिपपासून पुढे आणि त्याहून खरा प्रीमियर लीगमध्ये. म्हणजे 30 एप्रिलच्या रात्री प्रेंटन पार्कच्या पाहुण्यांच्या स्टँडमध्ये जे नाचत होते ते क्लबच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढल्याचा आनंद साजरा करत होते, आणि तरी त्या रात्री मी तिथे असतो तर मीही नाचलो असतो, खोटं कशाला बोलू.

पुढचं पटापट सांगतो. मे महिन्यात खेळाडू उघडपणे बोलायला लागले की पैसे मिळालेले नाहीत. जूनमध्ये रायन लो प्लिमथ या दुसऱ्या क्लबला गेला. जुलैमध्ये नवा मॅनेजर पॉल विल्किन्सन आला, ज्याच्या हाताशी धड टीमच नव्हती. जुलैमध्येच ज्यांचं देणं होतं त्या लोकांशी तडजोड झाली, फुटबॉलवाल्यांचं म्हणजे खेळाडू आणि दुसरे क्लब यांचं पूर्ण, बाकीच्यांना रुपयाला चार आणे, आणि त्याची शिक्षा म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीच वजा 12 पॉइंट. फॅनचं पुन्हा गणित सुरू, वजा बारावरून वर यायला किती मॅच लागतील, चार जिंकल्या की शून्य. ऑगस्ट आला. लीग म्हणाली पैसे आहेत याचा पुरावा द्या मगच खेळा. पहिली मॅच रद्द, दुसरी रद्द, तिसरी रद्द.

शेवटचे चार दिवस मात्र सावकाश बघण्यासारखे आहेत. शुक्रवार 23 ऑगस्टची मुदत. क्लबच्या माजी डायरेक्टर जॉय हार्ट या बाईंनी गिग लेनवर स्वतःला बेड्या घालून ड्रेनपाइपला अडकवून घेतलं. मुदत थोडी वाढली, कारण एक गिऱ्हाईक पुढे आलं, सी अँड एन स्पोर्टिंग रिस्क म्हणून कंपनी, धंदा काय तर फुटबॉलच्या आकड्यांचं विश्लेषण. नवी मुदत मंगळवार, संध्याकाळी पाच.

मंगळवारी सकाळी क्लबमधून निरोप आला की शनिवारी मॅच होईल असं दिसतंय, मैदान महिनाभर बंद आहे, साफसफाईला माणसं हवीत. शेकडो लोक आले. झाडू, बादल्या, पुसायची फडकी घरून घेऊन आले. कोणी रजा टाकून, कोणी पोरांना घेऊन. खुर्च्या पुसल्या, पायऱ्यांमधलं गवत उपटलं, संडास धुतले. म्हणजे आपण गणपतीच्या आदल्या दिवशी मांडव झाडून घेतो ना, तसं. पाचची मुदत, आणि दुपारपर्यंत हे लोक एकेक सीट पुसतायत. मग पाच वाजायच्या तासदीड तास आधी सी अँड एनने अंग काढून घेतलं. कागद नीट तपासायला घेतल्यावर त्यांना जे दिसलं ते एवढ्या वेळात निस्तरण्यासारखं नव्हतं. आकड्यांचीच कंपनी ती. त्यांनी 79 च्या शेजारची वही उघडली आणि मिटली.

रात्री अकराच्या सुमाराला लीगने जाहीर केलं, बेरी बाहेर. शेजारचं बोल्टन, तेही त्याच मुदतीत अडकलेलं, त्यांना चौदा दिवस मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा नवीन मालक कागदावर सही करून मोकळा झाला. बेरीच्या माणसाला विचाराल तर हे बोल्टनचं त्याला जास्त लागलंय असं वाटतं मला. लीग वन त्या वर्षी 23 टीमांनी खेळली, चोविसावी जागा रिकामी. 1992 मध्ये मेडस्टन गेल्यानंतर लीगमधून असा जाणारा हा पहिलाच क्लब.

आता फॉर्मचं काय झालं ते सांगतो, कारण या प्रकरणातलं हेच मला सगळ्यात जास्त बोचतं. लो प्लिमथला गेला, त्याच्या मागोमाग मेयर गेला, बायरन मूर, मॅकफॅडियन, टेलफर्ड, एमसन असे एकेक करत बरेच जण गेले. प्लिमथ नुकतीच खाली येऊन लीग टूमध्ये पडलेली. 2019-20 च्या सीझनमध्ये कोविडने खेळ थांबला तेव्हा प्लिमथ तिसऱ्या नंबरवर होती आणि वर गेली. तोच मॅनेजर, तीच पद्धत, बरीचशी तीच पोरं, तोच निकाल. म्हणजे बेरीच्या फॅननी जे बघितलं होतं, की ही टीम खरी आहे, हा योगायोग नाही, ते शंभर टक्के बरोबर होतं. फॉर्मने फक्त बिऱ्हाड हलवलं, सामान-सुमान घेऊन दक्षिणेला डेव्हनमध्ये गेला. फॉर्म मॅनेजरचा असतो, खेळाडूंचा असतो. क्लब म्हणून जे मागे उरतं ते मैदान, नाव आणि देणी.

मग फॅननी करायचं काय होतं, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. तिकडे कंपन्यांच्या सरकारी नोंदी कंपनीज हाउसच्या साइटवर कोणालाही फुकट बघता येतात, गिग लेनवर कोणाचा बोजा आहे, कधी चढवला, ताळेबंद वेळेवर दिला की नाही, सगळं. काही फॅननी हे बघितलं होतं, बोलतही होते, असे लोक प्रत्येक क्लबमध्ये असतात आणि पबमध्ये त्यांच्या टेबलावर कोणी बसत नाही. जास्तीत जास्त त्यांना हे जमलं असतं की डिसेंबरमध्येच आवाज मोठा झाला असता, लीगवर दबाव आला असता, कदाचित जानेवारीत खेळाडू विकायची खिडकी उघडते तेव्हा दोन-चार महागडे खेळाडू विकले गेले असते. मग 79 झाले नसते, 65 झाले असते, टीम लीग टूमध्येच राहिली असती आणि क्लब जिवंत. आता मला सांगा, फेब्रुवारी 2019 मध्ये टीम प्रमोशनच्या शर्यतीत पुढे असताना "मेनार्डला विका" असं म्हणणाऱ्या माणसाला गिग लेनच्या स्टँडमध्ये काय ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून मी फॅनवर फार दोष टाकत नाही. हे बघायचं काम ज्याच्या हातात नियम आहेत त्याचं. इंग्लंडमध्ये पुढे माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या हाताखाली फॅनच्या बाजूने मोठी पाहणी झाली, नोव्हेंबर 2021 मध्ये अहवाल आला, आणि जुलै 2025 मध्ये कायदा होऊन फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला, मालकाचा पैसा कुठून येतो हे आधी बघणारा. बेरी गेल्यानंतर सहा वर्षांनी.

मधल्या काळात फॅननी दुसरा क्लब काढला, बेरी एएफसी, आणि 2020 पासून शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर भाड्याने खेळत राहिले, सुरुवात इंग्लंडच्या पार दहाव्या पायरीवरून. गिग लेन रिकामं, गवत गुडघ्याएवढं. मग दुसऱ्या एका गटाने सरकारी निधी आणि देणग्या जमवून फेब्रुवारी 2022 मध्ये मैदान विकत घेतलं. म्हणजे एका गावात एका गटाकडे टीम आहे मैदान नाही, दुसऱ्याकडे मैदान आणि नाव आहे टीम नाही, आणि दोघांचं पटत नाही, असलं काही फक्त आपल्याकडेच होतं असं मला वाटायचं. एकत्र यायचं पहिलं मतदान फसलं, थोडक्यात फसलं, 2023 मध्ये दुसऱ्यांदा जमलं. टीम गिग लेनला परत आली, बेरी एफसी या जुन्याच नावाने, नवव्या पायरीवर. तिथे साधारण दोन-तीनशे लोक मॅचला येतात अशी लीग ती, बेरीला तीन हजारांच्या वर यायला लागले.

2024-25 ला ती लीग त्यांनी जिंकली. आता मालक सभासदच, एक माणूस एक मत. 2025-26 ला आठव्या पायरीवर आले, जिथून काढलं होतं ती लीग वन तिसरी पायरी, जिथून चढले होते ती लीग टू चौथी. म्हणजे तिथून लीग टूला पोचायला चार प्रमोशन, दर वर्षी एक धरलं तर चार वर्षं. धरणारे अर्थातच दर वर्षी एक असंच धरतायत.